कढत घोट आणि अन्ननलिका

पाहुण्यापुढें चहा ठेवतांना तो ‘गरमागरम’ आहे असें कौतुकानें सांगण्याची मराठी घरांत रीत आहे. निवलेला चहा पुढें करणें ही आतिथ्यांतील उणीव समजली जाते. आणि वाफ निघत असलेला पहिला भात वरण-तुपासह पोटांत गेला नाहीं तर जेवणाची अर्धी गोडी गेली, असें मानणारीं माणसेंहि घरोघर आढळतात. मराठी भाषेनें तर या उष्णतेच्या पायऱ्या तपमापकाच्या साहाय्यावांचून कधींच ठरवून ठेविल्या आहेत. गार, सोमट, कोमट, ऊन, कढत आणि उकळतें हे शब्द कोणत्याहि गृहिणीच्या मनांत एकमेकांत मिसळत नाहींत. यांपैकीं ‘ऊन’ येथपर्यंत काळजी करण्याचें कारण नाहीं. ‘कढत’ या पायरीपासून पुढें मात्र शरीरांतील एक नाजूक नळी धोक्यांत येते, आणि ती दृष्टीआड असल्यामुळें तिची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. ही नळी म्हणजे अन्ननलिका.

घशापासून जठरापर्यंत जाणारी ही स्नायूंची लवचिक नळी सुमारें २५ सेंटिमीटर, म्हणजे १० इंच लांब असते. पाण्याच्या नळाप्रमाणें ती सदैव उघडी नसते; घास नसतांना तिच्या भिंती एकमेकींस लागून असतात. घास आंत आला म्हणजे त्याच्या मागचा भाग आकुंचन पावतो, पुढचा सैल होतो, आणि लाटेसारख्या या हालचालीनें तो घास आठ-दहा सेकंदांत जठराच्या दाराशीं पोंचतो. माणूस सरळ बसलेला असल्यास पातळ पेय याहून पुष्कळच लवकर खालीं उतरतें. या मार्गांत तीन जागा स्वभावतःच अरुंद आहेत. पहिली घशाच्या शेवटीं, नळीच्या तोंडाशीं. दुसरी छातींत, जेथें महारोहिणी आणि डावी श्वासवाहिनी नळीला चिकटून जातात तेथें. आणि तिसरी, छाती व पोट यांमधील पडदा ओलांडून नळी खालीं उतरते तेथें. घट्ट आणि कढत घास रेंगाळण्याचा संभव या जागीं अधिक.

नळीचें आंतील अस्तर अनेक थरांचें व ओलसर असतें. तळहाताच्या त्वचेवर मृत पेशींचा जसा निबर, जाड थर असतो, तसा त्यावर नसतो. घासाचें घर्षण सोसण्यास हें अस्तर समर्थ आहे. जठरांतील आम्ल वर आलें तर तें त्यास झोंबतें, आणि कढत पदार्थाचा स्पर्श त्यास सोसत नाहीं.

येथें सहजच असा प्रश्न उपस्थित होतो कीं, तोंडास जें सोसलें तें अन्ननलिकेस कां सोसूं नये? याचें उत्तर तोंडाच्या चतुराईंत आहे. कढत घोट तोंडांत येतांच ओठ किंचित् हवा आंत ओढतात, जीभ तो घोट एका जागीं ठरूं देत नाहीं, लाळ त्यांत मिसळते, आणि जिभेच्या व गालांच्या रक्तवाहिन्यांतून वाहणारें रक्त कांहीं उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातें. हें सर्व क्षणार्धांत आणि नकळत घडतें. इतकें करूनहि घास सोसवेना, म्हणजे दोनच मार्ग उरतात: तो थुंकून टाकणें किंवा गिळणें. चारचौघांत थुंकणें हें असभ्यपणाचें वाटतें. म्हणून माणूस तो गिळतो. तोंडाची पीडा त्या क्षणीं संपते, परंतु ती संपली नसून पुढें ढकलली गेली, हें ध्यानांत येत नाहीं. अन्ननलिकेस जीभ नाहीं, लाळेचा पुरवठा अपुरा, हवेचा उपयोग नाहीं आणि मागें फिरण्याची सोय नाहीं. शिवाय तिची संवेदना अस्पष्ट असते. बोट भाजलें तर नेमकी जागा दाखवितां येते. अन्ननलिका भाजली तर ‘छातीच्या मध्यें कोठें तरी’ एवढेंच सांगतां येतें.

पेयाचें उष्णमान जितकें महत्त्वाचें, तितकाच घोटाचा आकारहि महत्त्वाचा आहे. ६५ अंश सेंटिग्रेडची कॉफी पीत असतां नळीच्या आंतील उष्णमान घोटाच्या आकाराप्रमाणें ६ पासून १२ अंशांपर्यंत वाढतें, असें प्रत्यक्ष मोजमापांत आढळून आलें आहे. शरीराचें उष्णमान ३७ अंश धरलें, तर लहान घोटानें नळी ४३ पर्यंत, आणि मोठ्या घोटानें ४९ पर्यंत तापते. एकाच पेल्यांतील एकच पेय. परंतु चुटकेचुटके पिणारा आणि घटाघटा पिणारा यांच्या नळ्यांस तें निरनिराळें भासतें.

उष्णतेनें शरीराची हानि कशी होते, हें समजण्यासाठीं अंशांबरोबर काळहि मोजावा लागतो. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९४७ मध्यें या विषयावरील आपले प्रसिद्ध प्रयोग जाहीर केले. त्वचेस ४४ अंशांचा सतत स्पर्श राहिला तर कायमची इजा होण्यास सुमारें सहा तास लागतात, असें त्यांना आढळलें. तेथून ५१ अंशांपर्यंत प्रत्येक अंशागणिक हा काळ जवळजवळ निम्मा होत जातो. ६० अंशांवर सुमारें पांच सेकंद पुरतात, आणि ७० अंशांवर एक सेकंदहि पुष्कळ होतो. हे आंकडे त्वचेचे आहेत, अन्ननलिकेच्या अस्तराचे नव्हेत; तरीपण त्यांतील तत्त्व दोहोंसहि लागू आहे. उष्णमान थोडें वाढलें तरी धोका पुष्कळ वाढतो, आणि स्पर्श जितका लांबतो तितकी इजा खोल जाते.

हें तत्त्व लक्षांत घेतलें म्हणजे एक गोष्ट, जी प्रथमदर्शनीं विलक्षण वाटते, ती उलगडते. कढत पेयापेक्षां कढत घट्ट पदार्थच अन्ननलिकेस एकाएकीं अधिक भाजतात. पेय पसरतें, निवतें आणि चटकन् निघून जातें. उलट मऊ, चिकट किंवा सारण भरलेला घास उष्णता धरून ठेवतो व भिंतीस चिकटत चिकटत खालीं सरकतो. उकडीचा मोदक हें याचें उत्तम उदाहरण आहे. त्याची पारी वरून निवलेली लागते. पण आंतील गूळ-खोबऱ्याचें सारण पारीच्या पांघरुणाखालीं तसेंच तापलेलें असतें. बटाटेवडा, साबुदाण्याचा वडा, ऊन पुरण, घट्ट पिठलें, यांचीहि तीच गोष्ट. कढईंतील तेल १७०-१८० अंशांवर असतें. वड्याच्या आंत पाण्याचा अंश असल्यामुळें तेथील उष्णमान १०० अंशांपलीकडे सहसा जात नाहीं, परंतु गिळण्याच्या दृष्टीनें तेवढेंहि फारच झालें. पातळ पदार्थांतहि जे वरून झांकलेले असतात ते फसवे होत. कटाच्या आमटीवर तेलाचा तवंग असतो, दुधावर साय असते. त्यामुळें वाफ बाहेर पडत नाहीं. वाफ दिसत नाहीं म्हणून पदार्थ निवला असावा असें वाटतें, आणि वस्तुस्थिति नेमकी उलट असते.

अलीकडच्या स्वयंपाकघरांत मायक्रोवेव्हची भट्टी आली आहे, तिनें या फसवेपणांत भरच टाकली आहे. तिच्या लहरी पदार्थांतील पाण्याच्या अंशास तापवितात, आणि तेंहि सर्वत्र सारखें नाहीं. एका वाटींतील खिचडी एका बाजूस कोमट तर दुसऱ्या बाजूस कढत असूं शकते. शिवाय भांडें त्या मानानें कमी तापतें. म्हणजे चुलीवरील पातेल्यानें हातास जी सूचना मिळत असे, तीहि नाहींशी झाली. म्हणून असा पदार्थ बाहेर काढल्यावर नीट ढवळून, एक-दोन मिनिटें ठेवून, मगच खाणें हा नियम पाळावा. लहान मुलाच्या बाबतींत तर तो कधींहि मोडूं नये.

आतां अन्ननलिका भाजली असतां काय होतें तें पाहूं. घास खालीं उतरतांना छातीच्या मध्यभागीं आगीची रेघ ओढल्यासारखें वाटतें. पुष्कळदां एवढ्यावरच भागतें व कांहीं मिनिटांत तें शमतें. इजा अधिक असल्यास त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं गिळतांना दुखूं लागतें, घास अडल्यासारखा वाटतो, छातींत किंवा पोटाच्या वरच्या भागांत वेदना राहते, आणि कांहींना वांति होते.

नळीच्या आंत डोकावून पाहण्याची विद्या फार जुनी नाहीं. जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें आडोल्फ कुसमाउल या वैद्यानें १८६८ मध्यें एका तलवार गिळणाऱ्या खेळाडूच्या घशांतून सरळ ताठ नळी घालून पहिला मोठा प्रयत्न केला. रोग्यास सोसेल अशी, कांचतंतूंची वांकणारी दुर्बीण बेझिल हिर्शोविट्झ यांनीं १९५७ मध्यें उपयोगांत आणली. तिच्यामुळें भाजलेल्या अन्ननलिकेचें स्वरूप डोळ्यांस दिसूं लागलें. अस्तरावर पांढुरका पापुद्रा आणि लाल झालेला भाग यांचे उभे पट्टे आळीपाळीनें दिसतात. डॉक्टरांनीं त्यास साखरेच्या पट्टेरी कांडीची उपमा दिली आहे. क्वचित् फोड किंवा व्रणहि आढळतात. समाधानाची गोष्ट ही कीं, अन्ननलिकेचें अस्तर लवकर नवें होतें. मऊ व निवलेलें अन्न, जठरांतील आम्ल कमी करणारें औषध, आणि व्रणावर लेपासारखें बसणारें सुक्राल्फेट, एवढ्या उपचारांनीं बहुतेक रोगी कांहीं दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत बरे होतात. व्रण भरतांना नळी आंखडून अरुंद होणें, रक्तस्राव होणें किंवा नळीस छिद्र पडणें हे प्रकार गरम अन्नानें विरळाच घडतात. या बाबतींत तीव्र क्षार किंवा आम्ल चुकून प्यालेल्या माणसाची स्थिति अगदीं निराळी असते. तेथें इजा खोल जाते, आणि रुग्णालय गांठण्यांत एक क्षणहि दवडतां कामा नये.

कढत घास तोंडांत गेला असें कळतांच करावयाचें तें साधें आहे. संकोच न करतां तो बाहेर टाकावा. गिळला गेलाच तर गार पाण्याचे लहान लहान घोट घ्यावे. घास खालीं दाबण्यासाठीं कोरडी पोळी किंवा भात गिळण्याची कांहीं घरांत चाल आहे. भाजलेल्या अस्तरावरून खरखरीत घास ओढण्यानें लाभ होत नाहीं. वांति मुद्दाम करवूं नये, कारण त्यायोगें पोळलेल्या नळीस आम्लाचा दुसरा ताप सोसावा लागतो. पुढील दोन-चार दिवस तिखट, आंबट, कडक व ऊन पदार्थ, तसेंच मद्य व तंबाखू, वर्ज्य करावीं. दोन दिवसांनंतरहि गिळतांना दुखत राहिल्यास वैद्यास दाखवावें.

कांहीं लक्षणें मात्र वाट पाहण्याजोगीं नाहींत. आवाज घोगरा होणें, श्वास घेतांना आवाज येणें, लाळ गिळतां न येऊन तोंडावाटे गळणें, मूल पुढें वांकून बसणें, हीं श्वासमार्ग सुजल्याचीं चिन्हें होत. लहान मुलें केटलीच्या तोटीस तोंड लावतात, तेव्हां असा प्रसंग ओढवतो. घशांतील श्वासमार्गावरची झांकणी भाजून सुजते, मुलाचा श्वासमार्ग मुळांतच अरुंद, आणि सूज कांहीं तासांनींहि वाढूं शकते. अशा मुलास ताबडतोब रुग्णालयांत न्यावें. वाटेंत त्याला आडवें निजवूं नये व घशांत बोट घालूं नये. छातींतील वेदना असह्य होऊन पाठीकडे जाणें, ताप येणें, मानेखालीं सूज येऊन ती दाबली असतां करकर लागणें, हीं नळीस छिद्र पडल्याचीं लक्षणें समजावीं. आणखी एक सूचना प्रौढांच्या हिताची आहे. अन्ननलिका व हृदय हीं शेजारी असल्यामुळें दोहोंच्या वेदना एकसारख्या भासतात. ‘सकाळचा चहा फार गरम होता’ असें म्हणून छातींतील कळ सोडून दिल्यास, प्रसंगीं हृदयविकाराचा झटका ओळखावयाचा राहून जातो. शंका असल्यास हृदयाची तपासणी आधीं.

येथवर एकाएकीं होणाऱ्या इजेचा विचार झाला. परंतु रोज, वर्षानुवर्षें, थोडथोडें भाजत राहिलें तर? दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग येथें माते नांवाच्या पानांचा कढत काढा धातूच्या नळीनें ओढून पितात. ही नळी पेय थेट जिभेच्या मागें नेऊन सोडते. म्हणजे ओठ आणि जिभेचें टोंक हे दोन पहारेकरी बाजूसच राहतात. या प्रदेशांत अन्ननलिकेचा कर्करोग अधिक आढळे, तेव्हां प्रथम संशय पानांवर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९१ मध्यें कढत माते हें बहुधा कर्करोगकारक ठरविलें. पुढें फ्रान्समध्यें लिओं येथें २०१६ मध्यें २३ शास्त्रज्ञांनीं सर्व पुराव्याची पुन्हा छाननी केली. फार कढत नसलेल्या मातेवर व कॉफीवर आरोप सिद्ध होत नाहीं, परंतु ६५ अंशांहून अधिक उष्ण असलेलें कोणतेंहि पेय बहुधा कर्करोगकारक आहे, असा निर्णय त्यांनीं दिला. म्हणजे दोष पानांचा नसून आंचेचा ठरला.

इराणच्या ईशान्येस असलेल्या गोलेस्तान प्रांतांतील पाहणी या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. हा रोग तेथें पूर्वींपासून विपुल. मात्र दारू व तंबाखू यांचें सेवन तेथें अल्प. २००४ ते २००८ या काळांत ४० ते ७५ वर्षें वयाच्या ५०,०४५ लोकांची नोंद करण्यांत आली, आणि त्यांच्या चहाचें उष्णमान खरोखरीच मोजण्यांत आलें. ६० अंश किंवा त्याहून उष्ण चहा दिवसास ७०० मिलिलिटरांहून अधिक पिणारांत हा रोग होण्याचा संभव, कमी व निवलेला चहा पिणारांच्या मानानें सुमारें ९० टक्क्यांनीं अधिक आढळला. हा निष्कर्ष २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच प्रांतांत आधीं, २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासांत, चहा ओतल्यापासून दोन मिनिटांच्या आंत पिणारांस, चार किंवा अधिक मिनिटें थांबणारांपेक्षां सुमारें पांचपट धोका दिसून आला. चीनमधील साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीनें २०१८ मध्यें या चित्रांत एक महत्त्वाची छटा भरली. अति कढत चहाबरोबर अति मद्यपान किंवा धूम्रपान असेल तेथेंच धोका ठळकपणें वाढलेला आढळला.

या माहितीनें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. ‘बहुधा कर्करोगकारक’ हे शब्द पुराव्याचें बळ सांगतात, धोक्याचें मान सांगत नाहींत. अन्ननलिकेच्या कर्करोगाचीं मोठीं कारणें तंबाखू आणि मद्य हींच आहेत, आणि कढत चहा टाकून विडी ओढीत राहणाऱ्यानें आपलें हित साधलें असें होत नाहीं. परंतु उष्णतेनें वारंवार दुखावलेलें अस्तर इतर विषांस वाट करून देतें, हा तर्क सयुक्तिक आहे. आणि ज्या धोक्याचा परिहार चार मिनिटें थांबण्यानें होतो, तो मुद्दाम ओढवून घेण्यांत शहाणपण नाहीं.

थांबण्याचा कंटाळा असणारांसाठीं जुन्या घरांतच एक उत्तम उपकरण आहे, तें म्हणजे बशी. सभ्य मंडळी तिच्याकडे हल्लीं नाक मुरडतात. पण पदार्थविज्ञान तिच्या बाजूचें आहे. पेल्याचें तोंड अडीच इंच व्यासाचें आणि बशींत पसरलेल्या चहाचें वर्तुळ पांच इंचांचें धरलें, तर हवेशीं भिडणारा पृष्ठभाग चौपट होतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५५० कॅलरी उष्णता खर्चीं पडते. म्हणजे एवढीशी वाफ ५५ ग्रॅम चहा १० अंशांनीं निववूं शकते. फुंकर घालण्यानें पृष्ठभागावरील दमट हवा दूर होऊन वाफेस नवी जागा मिळते. इंग्रजी पद्धतीच्या चहांत गार दूध वरून घालतात. ८५ अंशांच्या १५० मिलिलिटर चहांत १० अंशांचें ३० मिलिलिटर दूध पडलें तर मिश्रण सुमारें ७२ अंशांवर येतें. मराठी घरांतील चहा दुधासकट उकळला जातो, त्यामुळें ही सवलत त्यास मिळत नाहीं. धातूचा पेला हातास व ओठास चटका देऊन सावध करतो. उलट दुहेरी भिंतीचे पेले व झांकणाचे कागदी पेले उष्णता दडवून ठेवतात. आणि जेम्स ड्युअर यांनीं १८९२ मध्यें ज्या निर्वात बाटलीचा शोध लावला, तिच्या घरगुती अवतारांतून, थर्मासमधून, दोन तासांनीं ओतलेला चहाहि नुकत्याच उतरविलेल्या चहासारखाच समजावा.

दुधानें तोंड भाजलें म्हणजे ताकहि फुंकून प्यावें लागतें, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. तिचा उपयोग तोंड भाजल्यावर नव्हे, आधीं करणें श्रेयस्कर. चरकसंहितेच्या विमानस्थानांत भोजनाचे नियम सांगतांना अन्न उष्ण असावें असें म्हटलें आहे. पण त्याच यादींत फार घाईनें जेवूं नये आणि मन लावून जेवावें, असेंहि सांगितलें आहे. उष्ण अन्नाची आवड ठेवावी व घाई सोडावी, इतका साधा तोल संभाळला म्हणजे पुरे. पहिला घोट लहान घ्यावा, सारणाचा पदार्थ मोडून त्याची वाफ जाऊं द्यावी, मुलांचें अन्न आधीं स्वतः चाखून पाहावें, आणि जिभेनें नाकारलेला घास गिळण्याचा हट्ट धरूं नये.